मोरियासुंना ओळखायला जपानला इतका वेळ का लागला?

1992 मध्ये जपानच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची यादी जाहीर झाली आणि तिच्यातलं एक नाव कसं वाचायचं हेच पुष्कळांना कळेना. जपानी लिपीत एकच नाव दोन-तीन प्रकारे वाचता येतं. माणूस माहितीतला असेल तर अडत नाही, नसेल तर अडतं. हा खेळाडू कुणाच्याच माहितीतला नव्हता. संघातल्या जुन्या मंडळींचाही आडनाव कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं यावर गोंधळ झाला, अशी आठवण जपानी फुटबॉलमध्ये अजून सांगितली जाते. तो तेवीस वर्षांचा खेळाडू म्हणजे हाजिमे मोरियासु.

याच मोरियासुंच्या हाताखाली जपानने पुढे जर्मनी, स्पेन आणि ब्राझीलला हरवलं. एका विश्वचषकानंतर पुढच्या विश्वचषकासाठीही पदावर ठेवलेला जपानचा पहिला प्रशिक्षक तेच. आणि तरीही, जपानी फुटबॉलमधली चार लाडकी नावं घ्या म्हटलं तर काझुयोशी मिउरा, हिदेतोशी नाकाता, शुन्सुके नाकामुरा, केइसुके होंडा ही नावं आधी येतील. मोरियासुंचं नाव पहिल्या दमात येईल असं मला वाटत नाही. इतकं यश आणि इतकी बेताची लोकप्रियता यांचा मेळ कसा बसतो, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या मैदानावरच्या जागेपासून सुरुवात करावी लागते.

मोरियासु बचावात्मक मध्यरक्षक होता. बचावफळीच्या पुढे आणि आक्रमकांच्या मागे, मैदानाच्या ऐन मध्यावर, पण गर्दीच्या नजरेआड. त्याचं काम गोल करण्याचं नव्हतं आणि गोलसाठी शेवटचा पास देण्याचंही नव्हतं. प्रतिस्पर्ध्याचा पास कुठे जाणार हे दोन क्षण आधी ओळखायचं, तिथे जाऊन उभं राहायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि तो अधिक कसबी सहकाऱ्याच्या पायात सोपवायचा. हे काम चोख झालं तर मैदानावर काहीच घडत नाही. जो हल्ला झालाच नाही त्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? आपल्या क्रिकेटवेड्या वाचकाला हे चटकन कळेल. 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णींनी सलग 21 षटकं निर्धाव टाकली. एकूण 32 षटकांत 5 धावा दिल्या आणि बळींच्या रकान्यात शून्य. मोरियासुची सगळी कारकीर्द त्या शून्याच्या रकान्यात मोडते. जपानसाठी 35 सामने, गोल एक.

त्याचा जन्म 23 ऑगस्ट 1968 चा, शिझुओका प्रांतातल्या काकेगावाचा; पण वाढला तो नागासाकीत. त्या काळात नागासाकी प्रांतातल्या कुनिमी या शाळेचा संघ देशभर गाजत होता. मोरियासु दुसऱ्याच, फारसं नाव नसलेल्या शाळेत. ना डोळ्यांत भरणारा वेग, ना धिप्पाड शरीर, ना तीन जणांना चकवून जाणारं ड्रिबलिंग. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनी मात्र हिरोशिमाच्या माझदा संघातल्या काझुओ इमानिशींकडे त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा शब्द टाकला. इमानिशी हा एक विलक्षण माणूस. लहानपणी हिरोशिमाच्या अणुबॉम्बमध्ये त्यांचा पाय जखमी झाला, तरीही ते राष्ट्रीय संघापर्यंत खेळले आणि पुढे खेळाडू हेरण्यात जपानमध्ये त्यांच्या तोडीचा माणूस क्वचितच झाला. त्यांनी या मुलाला 1987 मध्ये घेतलं खरं, पण मुख्य माझदा कंपनीतल्या नोकऱ्या भरल्या होत्या. मोरियासुला मिळाली ती एका उपकंपनीतली नोकरी. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीग नव्हती. बहुतेक खेळाडू कंपनीचे कर्मचारी असत, आधी कामावर जात आणि मग सरावाला.

माझदात तेव्हा हान्स ओफ्ट नावाचे डच प्रशिक्षक होते. त्यांनी हा मुलगा पाहून ठेवला. काही वर्षांनी, 1992 मध्ये, ओफ्ट राष्ट्रीय संघाचे पहिले परदेशी व्यावसायिक प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांना कसबी खेळाडूंची चणचण नव्हती. ब्राझीलमध्ये जन्मून जपानी नागरिक झालेला रुई रामोस होता, सांतोसमध्ये खेळून आलेला मिउरा होता. हवा होता तो या सगळ्यांच्या पाठीमागची रिकामी जागा सांभाळणारा. रामोस पुढे धावला की त्याच्या मागे खिंडार पडायचं. ते बुजवायला ओफ्टनी मोरियासुला बोलावलं. मे 1992 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि तिथून पुढे संघातून हललाच नाही. त्याच वर्षी हिरोशिमात झालेला आशियाई चषक जपानने पहिल्यांदा जिंकला.

इथे त्या काळची हवा लक्षात घ्यायला हवी. 15 मे 1993 ला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जे-लीग या नव्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला, वर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस. जवळपास साठ हजार प्रेक्षक होते. बेसबॉलच्या देशात एका रात्रीत फुटबॉलची लाट आली, आणि त्या लाटेला चेहरा हवा होता. तो मिउराने दिला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ब्राझीलला गेलेला, परत येऊन गोलनंतर नाचणारा, रुबाबदार सूट घालणारा ‘काझु’. जे-लीगच्या पहिल्याच मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्याची ही लोकप्रियता खोटी नव्हती. काझुने एका पिढीला फुटबॉल पाहायला शिकवलं. पण नव्यानेच खेळाकडे वळलेला प्रेक्षक आधी चेंडूकडे बघतो. चेंडू नसलेल्या माणसाकडे बघायला त्याला वेळ लागतो. मोरियासुच्या वाट्याला अशा प्रेक्षकांचा काळ आला.

मग आली 28 ऑक्टोबर 1993 ची दोहातली रात्र. विश्वचषक पात्रतेची शेवटची लढत, समोर इराक. जिंकलं की जपान इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकात. मिउराने पाचव्याच मिनिटाला गोल केला, इराकने बरोबरी साधली, मासाशी नाकायामाने पुन्हा आघाडी मिळवून दिली. 2-1. घड्याळात नव्वद मिनिटं पुरी होत आलेली. इराकला कॉर्नर मिळाला, त्यांनी तो छोटा घेतला, बाजूने चेंडू आत आला आणि जाफर ओमरानच्या हेडरने तो जाळ्यात गेला. 2-2. अमेरिकेतल्या विश्वचषकाला गेले सौदी अरेबिया आणि दक्षिण कोरिया. जपान गोलफरकाने मागे राहिला. जपानी खेळाडू जिथल्या तिथे मटकन बसले. मध्यरात्र उलटून गेल्यावरही टोकियो परिसरात हा सामना 48.1 टक्के प्रेक्षकसंख्येने पाहिला गेला. ते प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीचा तो विक्रम ठरला. जपानमध्ये ही रात्र आजही ‘दोहाची शोकांतिका’ म्हणून ओळखली जाते. मोरियासु त्या शेवटच्या क्षणी मैदानावर होता. खिंडार बुजवण्याचं काम ज्याचं, त्याच्या डोळ्यांसमोर ते खिंडार पडलं.

1998 मध्ये जपान अखेर विश्वचषकाला गेला तेव्हा तो संघात नव्हता. खेळाडू म्हणून त्याच्या नावावर विश्वचषकाचा एकही सामना नाही. सान्फ्रेच्चे हिरोशिमा (माझदाचाच नवा अवतार), मध्ये एक वर्ष क्योतो, शेवटी वेगाल्ता सेंदाई, असा प्रवास करून 2003 च्या मोसमानंतर त्याने बूट काढून ठेवले. नाकाताने तोवर इटलीत रोमाबरोबर अजिंक्यपद जिंकलं होतं, 2002 चा विश्वचषक मायदेशी होऊन गेला होता, नवे तारे आले होते. मोरियासुच्या निवृत्तीने देश हळहळला वगैरे काही झालं नाही.

दोहाच्या संघातले बरेच जण पुढे प्रशिक्षक झाले. रामोसने वर्दीचा संघ सांभाळला, कर्णधार हाशिरातानी साप्पोरो आणि वर्दीत गेला, इहाराने फुकुओकाला वरच्या श्रेणीत चढवलं, ताकागीने योकोहामा एफसीला आणि नागासाकीला. यांतले बहुतेक जण खेळाडू म्हणून मोरियासुपेक्षा कितीतरी प्रसिद्ध होते. प्रशिक्षक म्हणून अव्वल लीगचं अजिंक्यपद मात्र या चौघांपैकी कुणाला मिळालं नाही. मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. मैदानाच्या मध्यावर उभं राहून दहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका आधी ओळखायच्या, आपल्याकडून पुढे काय जाईल याचा विचार करायचा, आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर पडलं तरी चालवून घ्यायचं, ही प्रशिक्षकपदाचीच तालीम आहे. ज्याला चेंडूशिवाय खेळ दिसतो, त्याला बाकावरूनही तो दिसतो.

2012 मध्ये मोरियासुंकडे सान्फ्रेच्चे हिरोशिमा आला. आधीचे प्रशिक्षक मिहाइलो पेत्रोविच खेळाची एक देखणी पद्धत रुजवून गेले होते: मागे तीन बचावपटू, चेंडू स्वतःकडे असताना मध्यरक्षक खाली येऊन खेळ उभारणार. पेत्रोविच गेले ते उरावा रेड्सकडे. जपानमधला सर्वाधिक चाहते असलेला हा क्लब, पैसाही भरपूर. त्यांच्या पाठोपाठ हिरोशिमाचे एकेक खेळाडूही उरावाकडे जात राहिले. जर्मनीमार्गे माकिनोसारखा प्रेक्षकप्रिय बचावपटू, मग मोरिवाकी, पुढे गोलरक्षक निशिकावा. हिरोशिमाची अवस्था पोराबाळांना वाढवून दुसऱ्याच्या घरी पाठवण्याची होती. मोरियासुंनी पेत्रोविचची पद्धत मोडली नाही. तिच्यात बचावाची शिस्त तेवढी भरली. कुणी म्हणेल, यात नवं काय? पण तयार घर हाती आल्यावर ते पाडून आपल्या नावाचं बांधण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पहिल्याच वर्षी, 2012 मध्ये, हिरोशिमाने जे-लीग जिंकली. मग 2013. मग 2015. त्याच काळात पेत्रोविचच्या उरावाला लीग एकदाही जिंकता आली नाही.

2013 चा शेवट तर या लेखाच्या विषयाचं उदाहरण म्हणून शाळेत शिकवावा. शेवटच्या दिवशी योकोहामा एफ. मारिनोस आघाडीवर होता. पस्तिशीतला शुन्सुके नाकामुरा कारकिर्दीतला सर्वांगसुंदर मोसम खेळत होता आणि साऱ्या देशाचं लक्ष त्याच्या डाव्या पायावर. मारिनोस हरला, हिरोशिमाने काशिमाला काशिमाच्याच मैदानावर 2-0 ने नमवलं आणि विजेतेपद पळवलं. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू? नाकामुराच. त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही, तो मान त्याचाच होता. पण चषक एकीकडे आणि कॅमेरे दुसरीकडे, हे चित्र मोरियासुंच्या आयुष्यात इतक्यांदा आलं आहे की त्याची दखल घ्यावीच लागते. 2015 मध्ये मात्र तो सर्वोत्तम खेळाडूचा मान हिरोशिमाच्या तोशिहिरो आओयामाला मिळाला. आओयामा बचावात्मक मध्यरक्षक, म्हणजे थेट मोरियासुंच्या जागेवरचा. वीस वर्षांत जपानी प्रेक्षकही बघायला शिकला होता.

2017 च्या मध्यावर हिरोशिमा तळाला घसरला आणि मोरियासु पायउतार झाले. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या तरुण संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 2018 च्या विश्वचषकात ते अकिरा निशिनो यांचे सहायक होते. बेल्जियमविरुद्ध 2-0 ची आघाडी शेवटच्या क्षणी 2-3 च्या पराभवात बदलताना त्यांनी बाकावरून पाहिली. दुसरी दोहाच म्हणायची. लगेच वरिष्ठ संघही त्यांच्याकडे सोपवण्यात आला.

जपानच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाची खुर्ची आणि लोकप्रियता यांचं नातं किती चमत्कारिक आहे, हे ताकेशी ओकादा यांच्याकडे पाहिलं की समजतं. 1998 मध्ये पहिल्यावहिल्या विश्वचषकाच्या तोंडावर त्यांनी देशाचा लाडका काझु मिउराला संघातून वगळलं. जपान तिन्ही सामने हरला. ओकादांना धमक्या आल्या, घराबाहेर पोलीस ठेवावे लागले. 2010 मध्ये ते पुन्हा प्रशिक्षक होते; विश्वचषकाआधी संघ एकामागून एक सराव सामने हरत गेला आणि त्यांच्या हकालपट्टीची मागणी जोरात होती. दक्षिण आफ्रिकेत जपानने कॅमेरून आणि डेन्मार्कला हरवून बाद फेरी गाठली, तेव्हा तेच चाहते इंटरनेटवर ‘ओका-चान, माफ कर’ असं लिहू लागले. दोन्ही टोकांत मधलं काही नाही. विजय-पराभव बारा-पंधरा दिवसांत ठरणार आणि त्यावर चार वर्षांच्या कामाची किंमत, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

मोरियासुंच्या वाट्याला हेच आलं, उलट जास्त काळ आलं. कारण त्यांच्यात राग झेलणारी झळाळीही नव्हती. ब्राझीलचे दिग्गज खेळाडू झिको जपानचे प्रशिक्षक होते तेव्हा खेळ फसला तरी ‘झिको’ या नावाची पुण्याई पाठीशी असे. मोरियासु पत्रकारांना बातमी होईल असं वाक्य देत नाहीत. सामना चालू असताना रेषेजवळ उभे राहून वहीत काहीतरी टिपत राहतात. हरल्यावर त्या वहीची टिंगल झाली. 2021 च्या ऑलिंपिकमध्ये पदक हुकलं, चौथा क्रमांक. लगेच सप्टेंबरात विश्वचषक पात्रतेच्या अंतिम फेरीतल्या पहिल्याच सामन्यात मायभूमीवर ओमानकडून पराभव, ऑक्टोबरात जेद्दात सौदीकडून पराभव. त्यांना काढा म्हणणारा हॅशटॅग ट्विटरवर वर चढला. 12 ऑक्टोबरला सायतामात ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना हरले असते तर बहुधा गेलेच असते. त्या दिवशी राष्ट्रगीत चालू असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जपान 2-1 ने जिंकला. त्या सामन्यात त्यांनी मधल्या फळीची रचनाच बदलली होती: आओ तानाका आणि हिदेमासा मोरिता यांना मध्यरक्षक एन्दोच्या साथीला आणून तिथे तीन जण केले. मध्यरक्षकाने मध्याचाच आधार घेतला.

आणि मग 2022 चा विश्वचषक, योगायोगाने कतारमध्येच. 23 नोव्हेंबरला जर्मनीविरुद्ध पूर्वार्धात जपानला चेंडू लाभत नव्हता; ग्युंदोआनच्या पेनल्टीने 0-1. मध्यंतरात मोरियासुंनी आक्रमक कुबोला बाहेर काढून बचावपटू तोमियासुला आणलं. पिछाडीवर असताना बचावपटू वाढवणं हे वरकरणी उलटंच. पण मागे तीन भक्कम माणसं उभी राहिल्यामुळे दोन्ही कडांवरचे खेळाडू निर्धास्तपणे पुढे जाऊ शकले. ही रचना ते हिरोशिमात वर्षानुवर्षं जगले होते. मग मितोमा, आसानो, दोआन, मिनामिनो आत आले. शेवटी कडांवरही आक्रमकच खेळत होते. 75 व्या मिनिटाला दोआन, 83 व्या मिनिटाला आसानो. दोघेही बदली खेळाडू. 2-1.

चारच दिवसांनी कोस्टा रिकाविरुद्ध त्यांनी पाच खेळाडू बदलले, संघ पुळचट खेळला आणि 0-1 ने हरला. पुन्हा शिव्या. माझ्या मते त्या दिवशीची टीका रास्त होती. समोरचा संघ मागे दबून बसला की फोडायचा कसा, याचं उत्तर मोरियासुंच्या जपानकडे तेव्हा नव्हतं. 1 डिसेंबरला स्पेनविरुद्ध प्रश्नच वेगळा होता. चेंडू जपानकडे जेमतेम 18 टक्के वेळ होता, तरीही उत्तरार्धाच्या पहिल्या सहा मिनिटांत दोआन आणि तानाकाने गोल केले. 2-1. सामन्यानंतर मोरियासुंनी सांगितलं की शेवटची मिनिटं चालू असताना त्यांना 1993 आठवलं. पण खेळाडू मागे न सरता पुढे होऊन चेंडू हिसकावत होते, तेव्हा काळ बदलल्याचं त्यांना जाणवलं. क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये जपान बाहेर पडला. मोरियासु चाहत्यांच्या स्टँडसमोर गेले आणि कमरेत वाकून कितीतरी वेळ उभे राहिले. ते छायाचित्र जगभर फिरलं. आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेरे चेंडू सोडून त्यांच्याकडे वळले होते.

ती लाट टिकली असं मात्र नाही. सप्टेंबर 2023 मध्ये वोल्फ्सबर्गला जर्मनीचा 4-1 असा धुव्वा उडाला, जर्मनीने आपला प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांना काढलं. आणि पुढच्या फेब्रुवारीत आशियाई चषकात इराणविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर जपान उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर गेला, की पुन्हा ‘मोरियासु नकोत’. मार्च 2025 मध्ये बहरीनला हरवून, यजमान देश वगळता, 2026 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरणारा जपान पहिला संघ ठरला, तेही तीन सामने शिल्लक असताना. ऑक्टोबर 2025 मध्ये टोकियोत ब्राझीलविरुद्ध 0-2 अशी पिछाडी भरून काढत 3-2 असा विजय. ब्राझीलला हरवण्याची जपानची ही पहिलीच वेळ.

2022 नंतरच्या या दुसऱ्या पर्वात त्यांनी केलेला एक बदल मला सगळ्यांत बोलका वाटतो. सरावाची बरीचशी सूत्रं त्यांनी सहायकांकडे दिली. आक्रमणाकडे बघायला हिरोशी नानामी आले, 1998 च्या विश्वचषकात दहा नंबरची जर्सी घातलेला देखणा खेळाडू. र्योइची माएदा आले, सलग दोन वर्षं जे-लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे. 2024 मध्ये माकोतो हासेबे आले, तीन विश्वचषकांत जपानचे कर्णधार राहिलेले आणि देशातल्या सर्वांत आदरणीय फुटबॉलपटूंपैकी एक. खेळाडू म्हणून हे तिघेही मोरियासुंपेक्षा अधिक नावाजलेले. आपल्याहून लोकप्रिय माणसांना हाताखाली घेऊन त्यांना मोकळीक देणारा प्रशिक्षक विरळा; बहुतेकांना त्यात आपलं आसन डळमळेल अशी भीती असते. मोरियासुंना ती वाटत नसावी. लोकप्रियता ही त्यांची मिळकत कधी नव्हतीच, मग ती वाटली जाण्याची चिंता कशाला?